बरुवु

देगलूरच्या सरकारी दवाखान्यात
मनाचे डॉक्टर गुरुवारी येतात, नांदेडहून,
एस.टी. वेळेवर असली तर अकराला.
खोली एक्स-रेच्या शेजारी. दारावर पाटी नाही.
पाटी लावली की त्या दारात कुणी उभं राहत नाही,
हे आम्ही एकदा करून पाहिलंय.

मी केसपेपरच्या खिडकीत.
नाव, वय, गाव, काय होतंय:
चार रकाने, आणि चौथा एवढासा,
त्यात ताप मावतो, खोकला मावतो.

त्या गुरुवारी पोशव्वा आली.
माहेर मदनूरकडं, इथं दिलेली,
बिड्या वळते, बोटं तंबाखूनं पिवळी.
डॉक्टरीणबाई नव्या, नाशिककडच्या, मऊ बोलणाऱ्या.
काय होतंय, मावशी?
पोशव्वा म्हणाली:
गुंडे बरुवुगा उंदि.

बाईंनी ऐकलं ते असं:
गुंड. बरं. उंदीर.
कागदावर लिहिलं, गुंड मागे लागल्याचा भास,
घरात उंदीर दिसतात,
तरी स्वतःला बरं म्हणते,
आजाराचं भान नाही.
खाली गोळीचं नाव. रात्री एक.

कागद शिक्क्याला माझ्याकडं आला.
मी वाचला, मला हसू आलं,
मग हसू आल्याची लाज.
उठून आत गेलो. म्हटलं, मॅडम,
गुंडे म्हणजे काळीज.
बरुवु म्हणजे जड.
उंदि म्हणजे आहे. नुसतं आहे.

बराच वेळ पंख्याचाच आवाज.
बाईंनी गोळीवर काट मारली,
तिन्ही शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवले,
आणि म्हणाल्या, खुर्ची ओढा, सायन्ना.

तेव्हापासून गुरुवारी माझी खिडकी अर्धी बंद.
हाजराबी येते. जी घाबरा होरा, साब,
नींदच नै आरी. तिचं सगळ्यांनाच कळतं,
तरी समोरून कुणीतरी 'हौ' म्हणावं लागतं,
'हो' चालत नाही.
'हौ' म्हटलं की तिचे खांदे खाली येतात.

तांड्यावरची धानकीबाई आली तेव्हा मी अडलो.
गोरमाटी मला येत नाही.
गेटवरून रिक्षावाला थावरू बोलावला,
चुणचुणीत पोरगा, घरची बोली.
त्यानं विचारलं. ती भिंतीकडं बघायली.
परत विचारलं. पदर तोंडावर.
नंतर कळलं, थावरू तिच्या दिराचा दोस्त.
भाषा खोलीत आली होती खरी,
पण अख्खा तांडा सोबत घेऊन.
धानकीबाई पुन्हा आली नाही.
तिचा केसपेपर मी रद्दीत घातलेला नाही.
चौथा रकाना कोरा.

पोशव्वा मात्र येते, दर गुरुवारी.
सांगते, लेक गेली,
तिच्या वाट्याचं रेशन अजून येतंय,
पाच किलो, अंगठा लावला की मिळतंय,
आन् ते पाच किलो घरापर्यंत उचलत नाही.
मी बाईंना सांगतो, तांदूळ उचलत नाही.
मग थांबतो. तांदूळ नव्हे, मॅडम.
बाई म्हणतात, कळलं.

सांगताना 'ती' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं,
बाईंनीच तशी शिस्त लावली.
माझी लेक गेली. मला झोप नाही.
माझं काळीज जड आहे.
संध्याकाळी सायकलवर, उदगीर नाक्यापर्यंत,
तो 'मी' काही केल्या खाली उतरत नाही.

परवा निघताना पोशव्वानं खिडकीच्या जाळीवर हात ठेवला.
मरि नीदि?
आणि तुझं?
आई गेल्यापासून त्या भाषेत
मला कुणी काही विचारलेलं नव्हतं.
फोन वाजायला, रांगेत तापाची लेकरं.
मी मराठीत म्हटलं, बरंय.

ती हलली नाही.
बरुवा? म्हणाली,
आणि मागच्या रांगेला हातानं थांबवलं.