गादी

डॉक्टरीणबाईंनी फिल्म खिडकीकडे धरली, म्हणाल्या,
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी झिजलीय, चिलवेरी.
मला हसू आलं.
एकतीस वर्षं चादरी विणल्या,
मोर विणले, कमळं विणली, कुणाकुणाच्या रुखवतात गेली,
आणि माझी आतली गादीच संपली.

साखर पेठेत, हार्डवेअरच्या दुकानावर दवाखाना.
सतरा पायऱ्या.
वर पोचला तो निम्मा बरा, असं खालचा दुकानदार म्हणतो.

पालथा झोपतो. केसाएवढ्या सुया :
कमरेत सहा, गुडघ्यांमागे दोन, पोटऱ्यांत दोन.
मग त्यांना बारक्या चिमट्या, लाल आणि काळ्या,
वायरी एका डब्यात. डबा म्हणजे पोरांचा टिफिन.
बटण फिरवतात. मुंग्या आल्या की सांगा.
मुंग्या येतात,
आणि पोटरी आपली आपण उडायला लागते.
टक. टक. टक.
कुणीतरी माझ्यात धोटा मारतंय.

लूमचा धोटा मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा इकडून तिकडे.
हा फारच संथ.
असला लूम शेठनं भंगारात घातला असता.

बाईंना म्हटलं, जॅकार्डलाही सुया असतात.
पुठ्ठ्याला भोक असेल तर दोरा उचलतो,
नसेल तर पडून राहतो.
तुमचा पुठ्ठा कुठाय? कुठं टोचायचं ते कोण सांगतं?
त्यांनी अंगठ्यानं कमर दाबत नेली,
दाबत, दाबत,
मी आई गं म्हणालो.
म्हणाल्या, हा पुठ्ठा.

गादी परत भरते का हो?
नाही.
दुखणं खाली बसतं. कुणाचं बसतं, कुणाचं नाही.
एवढं सरळ मला जन्मात कुणी बोललं नव्हतं,
पगाराच्या दिवशी तर नाहीच.

चार बैठका काही नाही.
पाचवीनंतर वाकून चपलेचा अंगठा बसवला.
कुणाला सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी लाईट गेली.
पंखा थांबला. मागच्या बोळातले सगळे लूम
एका दमात गप्प.
त्या शांततेत माझी पोटरी मात्र चालूच, सेलवर.
अख्ख्या पेठेत एकच माग सुरू होता,
आणि त्यावर काहीच विणलं जात नव्हतं.

भूदेवी रोज कोपऱ्यात बसलेली.
मांडीत सूप, सुपात पानं,
हजार विड्या व्हायच्यात, दवाखाना असो नाहीतर लग्न.
उठताना एक हात भिंतीला,
दुसरा गुडघ्याला,
मग तोंड घट्ट मिटून वर.
हे मी छत्तीस वर्षं बघतोय.
बाईंनी सहा दिवसांत बघितलं.

पैसे दहा बैठकांचे भरलेले.
सातव्या दिवशी मी पलंगावर चढलोच नाही. म्हटलं, आज तू.
मला काय धाड भरलीय?
घरातल्या भाषेत विचारलं, नोप्पी नाही तुला?
ती सुपाकडे बघत राहिली.
म्हणाली, नोप्पी कुणाला नसते.
आणि कात्री माझ्या हातात दिली.

पडद्याखालून तिचे पाय दिसत होते.
टाचांच्या भेगांत तंबाखू बसलेली.
ते पाय मी असे, निवांत, कधी बघितले होते?
डावा अंगठा हलायला लागला, टक, टक,
आणि पलंगाखाली लोंबणारा तिचा हात
नसलेलं पान वळत होता,
त्याच ठेक्यात,
टोक दुमडत होता,
पुढचं पान घेत होता.

बाई म्हणाल्या, हात सैल सोडा, आजी.
सोडलाय की, ती म्हणाली.

सूप मांडीवर घेऊन बसलो.
एक विडी वळून बघितली. वाकडी.
दुसरी सुटली.
तेवढ्यात पंखा फिरला, मागचे लूम धडधडून उठले,
आणि टक टक ऐकू येईना.
मी मान वाकवून
पडद्याखाली बघत राहिलो,
अंगठा हलतोय का.