शेवटची फेरी

नवे शॉकअप, दीड इंच उंच,
क्रॅशगार्ड, दोन पिवळे फॉग लाइट.
सहा महिने चहा सोडून जमवलेले.
हेदवीच्या सड्यावर, जांभ्याच्या खडीत
तुटली ती क्लचची केबल,
दीडशे रुपयांची.

अझीम हसला नाही.
त्याच्या गाडीला सगळं कंपनीचंच,
आरसा तेवढा रिक्षाचा.
त्यानं टाकीखाली हात घातला,
चालू केबलीला चिकटपट्टीनं बांधून ठेवलेली
दुसरी केबल सोडवली.
"उजेड धर."
फॉग लाइट ब्रॅकेटमधून काढून
मी हातात धरला, कंदिलासारखा.

तवसाळला पोचलो तर फेरी
अजून धक्क्यालाच.
फळीवर मधोमध शर्वरीची गाडी,
बंद.
खलाशी ओरडतायत, टेम्पोवाला हॉर्नवरचा हात काढत नाही,
आणि ही उकिडवी बसून प्लग पुसतेय
रुमालानं, सावकाश,
देवघरातली समई पुसावी तशी.

आम्ही दिसलो.
तिनं प्लग बसवला.
एक किक.

जयगडचे दिवे जवळ येईपर्यंत
तिच्याकडे बघायची
माझी हिंमत झाली नाही.
अझीमनं डब्यातल्या भाकरीचे चार तुकडे केले.
पहिला टेम्पोवाल्याला.