कांडीचा वजीर

वडगावात दुपारी लाईट गेली
की गल्लीतले सगळे माग एकदम गप्प व्हायचे.
कानात जे उरायचं, त्याला
आम्ही दोघं बुद्धिबळ म्हणायचो.

विरुपाक्षण्णा ढवळी सुताच्या पेटीवर पट अंथरायचे,
स्वतःच विणलेला.
एका कडेला ताण कमी पडलेला,
म्हणून शेवटची घरं किंचित तिरकी.
"उजव्या हाताला पांढरं घर. आधी हे.
हे चुकलं तर पुढचं बरोबर खेळूनबी चुकतंय."

माझ्या तोंडात हत्ती, त्यांच्या तोंडात आनी.
माझा घोडा अडीच घरं,
त्यांची कुदुरीही अडीचच.
उंट तिरपा तो दोन्हीकडं तिरपा.
भांडण व्हायचं ते राजावरून.
त्यांचा राजा जुना, शह बसला नाही तोवर
एकदाच घोड्यासारखी उडी मारणारा.
माझा शाळेतला, किल्लेकोट करून
हत्तीआड कोपऱ्यात बसणारा.
आणि त्यांचं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर.
"दोन कशाला? कुठं गाडी चुकालीय त्याची?"

काळा वजीर कधीच हरवलेला.
त्याच्या जागी रिकामी कांडी उभी.
उभी जायची, आडवी जायची, तिरपी,
वाट मोकळी असेल तिथवर.
धोट्यात होती तेव्हा बिचारी
जन्मभर इकडून तिकडं, तिकडून इकडं.

एकदा मी घोड्याला बोट लावलं
आणि मग दिसलं, हा हलला की हत्ती जातोय.
म्हटलं, धूळ झाडत होते.
ते काही बोलले नाहीत.
दाराबाहेर बघत बसले,
रस्त्यावर बघण्यासारखं काही नसताना.
मी घोडा चालवला.
"मुट्टिद्र नडसबेकु," म्हणाले, माझा हत्ती उचलत.
हात लावला की चालवायचं.

लाईट आली की डाव अर्ध्यात.
माग सुरू, फरशी थरथर, पेटी थरथर,
आणि प्यादी कुणाला न विचारता चालू लागायची.
एकदा तर माझा राजाच सरकत सरकत
त्यांच्या हत्तीपुढं जाऊन उभा.
ते मागाजवळून ओरडले. शह म्हणाले असावेत.
त्या आवाजात मला फक्त ओठ दिसले.
दुसऱ्या दिवशी सगळी मोहरी
न विचारता, न अडखळता
आपापल्या घरी ठेवायचे. एकही चुकायचं नाही.

दिवाळीच्या आधी भंगारवाला आला.
चार माग, किलोवर.
विसाराच्या नोटा पेटीवर ठेवून गेला,
ह्यांनी उचलून मोजल्या.
संध्याकाळी गल्ली जमली: परत द्या की हो अण्णा,
अजून लिहून कुठं दिलंय?
अण्णा दाराबाहेर बघत होते.
मला ते बघणं ठाऊक होतं.

आता फरशीवर चार चौकोन, तेलाचे.
काल खेळताना मी त्यांचा राजा कोपऱ्यात नेला.
शेवटचं प्यादं अडकलेलं.
माझा हात मात म्हणायला उचललेला.
"शह हाय?"
नाही.
"मला चाल हाय?"
मी एकेक घर बघितलं. नाही.
"मग हरलो कसा? कोंडी झाली. अर्धा तुला, अर्धा मला."
जिंकता आलं असतं, खरं एक चाल आधी
मी कांडी फार जवळ नेली होती.

तेवढ्यात लाईट आली.
वरचा बल्ब लागला, एवढंच.
पटावर काहीच हललं नाही.
ते मोहऱ्यांकडं बघत राहिले,
पाहुणे उठतील म्हणून बघावं तसे.

मी पेटीखाली गुडघा नेला
आणि हळूच हलवू लागले.
प्यादी सरकली. कांडी आडवी पडून गडगडली.
अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही.
कांडी उचलली, फुंकली,
आणि एकेकाला परत
त्याच्या त्याच्या घरी ठेवत गेले.