हातात काय होतं

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
खाली स्प्रिंगा बनवणारा गाळा, वर आमची एजन्सी:
चार टेबलं आणि एक कुंडी,
तिच्यातलं रोप प्लास्टिकचं आहे
हे गिऱ्हाइकाला दुसऱ्या भेटीत कळतं.
खालचा प्रेस दणकला की चहात वर्तुळं उठतात.

सोमवारी प्रसेनजित नव्या पोरांना शिकवतो:
एका जाहिरातीत एकच गोष्ट.
विशेषणं उपाशी ठेवा.
वाचणारा उभा नाहीये, तो चाललाय,
त्याच्या पावलांना झेपतील तेवढीच अक्षरं द्या.
आणि शेवटी, त्यानं काय करायचं ते.
पोरं लिहून घेतात.
मी चटणीच्या पाकिटावरचं 'पारंपरिक' खोडत बसते.

अशाच एका सोमवारी वनिता शेलार जिना चढून आल्या.
किसननगर तीन नंबर.
मोबाइलमध्ये सासरे, कुणाच्या तरी हळदीत,
फोटोच्या कडेला अर्धे कापलेले.
"खालचे म्हणाले, वरचे बोर्ड करून देतात."
आम्ही बोर्ड करत नाही, ब्रँड घडवतो,
हे त्या दिवशी कुणी म्हटलं नाही.

पोलीस चौकीतला कागद त्यांनी पुढे केला:
रंग सावळा, उंची पाच फूट तीन,
अंगात निळा शर्ट, मराठी बोलतात.
सलोनी माझ्या कानात म्हणाली,
असे तर नुसत्या नाक्यावर शंभर.
प्रसेनजितनं पेन खाली ठेवलं.
"हातात काय होतं?"

बाई गप्प.
मग म्हणाल्या, डबा.
कंपनी बंद पडून एकोणीस वर्षं झाली,
तरी रोज सकाळी मागतात. मीही देते.
त्या दिवशी घाईत
भरायचा राहिला.
आणि रडू फुटलं ते त्या रिकाम्या डब्यावरून.

रात्री साडेनऊला मजकूर ठरला.
वर, मोठ्या टायपात:
स्टीलचा डबा घेतलेले आजोबा दिसले?
खाली:
"शेलार, पाळी सुटली का?" असं विचारा. थांबतील.
नंबर आमचा, कारण बाईंच्या फोनला चार्जिंग टिकत नाही.
हबीबभाईंनी उरलेल्या कागदावर चारशे काढून दिले,
मागच्या बाजूला घोडबंदरचा बत्तीस मजली टॉवर,
पोहण्याचा तलाव, हसणारं जोडपं.

खालच्या गाळ्यातली पोरं खळ घेऊन निघाली.
आयटीआयची भिंत, पासपोर्ट ऑफिसचा रिक्षास्टँड,
तीन हात नाका, मुलुंड चेकनाका.
पालिकेचा माणूस दंडाचं पावतीपुस्तक घेऊन वर आला
आणि जाताना एक गठ्ठा घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी फोन, कोपरीहून.
"मला वाचता येत नाय. पानवाल्यानं वाचून दाखवलं.
मी इचारलं म्हाताऱ्याला, पाळी सुटली का.
तर म्हणाला, नाय अजून. ओव्हरटाइम हाय."

पुढे डिसेंबरात बक्षिसांचा अर्ज भरताना
प्रसेनजितनं हे काम अर्ध्यापर्यंत लिहिलं.
'परिणाम, टक्क्यांत' या रकान्यापाशी अडला.
चौकटीत एक आकडा टाकला, पुसला,
आणि चटणीचं काम पाठवलं. तेही नाही आलं.

विजेच्या डीपीवरचं एक पोस्टर अजून आहे.
चेहरा उन्हानं उडाला, नंबर तेवढा शाबूत.
त्यामुळे फोन येतात. लोकमान्यनगरातून, कळव्यातून.
दहावीची मार्कशीट हरवली.
भाऊ घर सोडून गेलाय.
यातलं एकही बिल होत नाही,
आणि सगळे सापडत नाहीत, हेही लिहायला हवं.
भावाचा पत्ता अजून नाही.

काल एक बाई, पोपट उडाला म्हणून.
मी सवयीनं विचारून बसले, हातात काय होतं?
त्या हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारख्या.
मग जरा थांबून म्हणाल्या,
"कुकरची शिट्टी काढतो तो.
तीन झाल्या की गप्प बसतो."

सलोनीनं तेच वर घेतलं, मोठ्या टायपात.