काचपट्टी क्रमांक सतरा

तुफानं आणून दिलेला कोरोसो, एक.
जाळ्यात नव्हता, म्हणाला. काठाशी
गोल गोल फिरत होता,
जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा.
नुसत्या हातानं उचलला.

लांबी एकोणीस सेंटिमीटर. डोळे स्वच्छ.
खवले जागच्या जागी.
बाजारात मांडला असता
तर कुणीही घासाघीस न करता नेला असता.

आधी कल्ला.
कंगव्याच्या दातांसारख्या याच्या पाकळ्या सुट्या हव्यात,
मधून पाणी जायला हवं.
इथे दात एकमेकांत वितळलेत.
पाण्यात राहून याला धाप लागत होती,
एवढंच मी वहीत लिहिते
वेगळ्या शब्दांत.

मेंदूचं भिंगाखाली फारसं काही दिसत नाही.
तिथला बिघाड आकारात नसतो.
शेपटीला कुणीतरी एकदा म्हटलं, हल,
आणि पुरे म्हणणारं
कुणी उरलं नाही.

मग यकृत.
पाच मायक्रॉनचा काप, मेणातून सोडवलेला,
आधी जांभळ्या रंगात बुडवायचा, मग गुलाबी.
हा गुलाबी नेमका त्या फुलांचा,
झ्वायच्या काठावर प्लास्टिकच्या छपराखाली
जी फेब्रुवारीसाठी वाढतात
आणि पहाटे थंड ट्रकमधून विमानतळाकडे जातात.
माझी धाकटी बहीण, बोंतू, तिथे काटे काढते.
माझी फी तिच्या पगारातून गेली.
वहीत यासाठी रकाना नाही.

प्रत्येक पेशीत एक पोकळी,
केंद्रक कडेला ढकललेलं,
भाड्याच्या खोलीत पाहुणे आले की
खाट सरकवतात तसं.
काळजाचं पाणी झालं म्हणतात ना,
घाबरल्यावर?
याचं झालंय. मोजता येतं.
शंभरात एकसष्ट पेशी.

'खायला चालेल का?' पिशवी देताना तुफानं विचारलं होतं.
घरी सहा जण,
आणि असे मासे हल्ली पकडावे लागत नाहीत.
तपासून सांगते, म्हटलं मी.

अहवाल अदिसला जाईल. तिथून कुठे, मला माहीत नाही.
खिडकीतून धक्का दिसतो:
तुफा पोटं फाडतोय, माराबू करकोचे
पेन्शनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांसारखे उभे.
आतडी, काळीज, सगळं त्यांना टाकतो.
कल्लेसुद्धा. पूर्वी कल्ल्यांचं कालवण व्हायचं.
मी अजून काहीच सांगितलेलं नाही.

रात्री बोंतू येते, बाही वर करते,
चहा ओतते.
किती दिवस झाले, मी चहाकडे बघत नाही.
ओतणाऱ्या हाताकडे बघते.