ओतणी

पोराला सकाळीच मावशीकडं धाडलं मोरगिरीला,
दिवस मावळेपर्यंत येऊ नकोस म्हटलं,
आणि चूल परड्यात मांडली, घरात नाही.
बयाजीनाना अंगठा चाटून वारा बघत होता:
"धूर तिकडं जातोय. तू हिकडं बस."

कढई जुनीच, एक कान तुटलेली.
नानानं तिच्या बुडाला खिळ्यानं फुली मारली.
"आता हिच्यात फोडणी न्हाई. कधीच न्हाई.
सुनेला सांग, सुनेच्या सुनेला सांग."
पोरगा अजून तिसरीत आहे,
तरी मी मान हलवली.

शिसं तीन ठिकाणचं.
कराडच्या टायरवाल्याकडून चाकांच्या वजनांचे तुकडे,
कोयनाकाठच्या भोयानं दिलेले फाटक्या जाळ्याचे मणी,
आणि एक डबा, जो मी कुणाला दाखवला नव्हता.

शिसं वितळतं
पण सांगत नाही.
बराच वेळ तसंच बसून राहतं, हट्टी पाहुण्यासारखं,
मग एकाएकी कड सोडतं
आणि कढईत आपलंच तोंड दिसायला लागतं, राखाडी सायीखाली.
नानानं मेणबत्तीचं टोक टाकलं. भडका उडाला.
पळीनं ढवळून साय पत्र्यावर काढली.
"घाम पूस! आधी कपाळ पूस!
येक थेंब आत पडला तर तुझं त्वांड वळखू यायचं न्हाई."

साचा पणज्याच्या वेळचा.
दोन पाकळ्या, मधे पोकळी, सांडशीसारखे दांडे.
चिमणीवर धरून आतून काजळी चढवली.
पहिली गोळी गोणपाटावर पडली
सुरकुतलेली, सुकल्या आवळ्यासारखी.
दुसरी तशीच. तिसरीला अर्धं अंगच नव्हतं.
"साचा गार हाय अजून. टाक परत."
टाकली.
मला हे आवडलं शिसाचं,
चुकलेलं परत घेतं, नाव ठेवत नाही.

अकरावी गोळी पोराच्या फुटक्या पाटीवर सोडली,
सरळ गेली, कडेवरून खाली पडली.
नाना हसला. दोन दात.

मग मी डबा उघडला.
चपट्या, चिरफाळलेल्या गोळ्या, सालीचे कण रुतलेल्या.
तीन दिवस उन्हात वाळवल्या होत्या.
नानानं एक उचलली. "कुठनं?"
"खालच्या पट्टीच्या बांधावरल्या ऐनातनं.
पटाशीनं काढल्या. एकोणीस."
"किती उंचीवर?"
मी उभी राहिले आणि हात वर केला,
डोक्याच्याही वर, पदर सरकेपर्यंत.

डुक्कर मांडीएवढं असतं.
सोळा वर्षं परवाना आणि एक डुक्कर नाही,
दादांना सगळी आळी हसायची.
भुईमूग उकरलेला असायचा,
ते सकाळी बांधावर बिडी ओढत बसायचे.
आई त्या दिवशी ताट आपटून वाढायची.

नाना गोळी बोटांत फिरवत राहिला.
"तुझ्या बापानं माझ्यादेखत
टांगलेला नारळ फोडलाय, चाळीस पावलांवरनं.
वाऱ्यात हलत हुता नारळ."
आणखी काही म्हणाला नाही. पळी माझ्या हातात दिली.

डबा कढईत रिकामा केला.
सालीचा कण जळाला, क्षणभर ऐनाचा वास,
मग नुसतं शिसं.

परवाना आता माझ्या नावावर आहे.
साताऱ्याला चार खेपा, "बाईमाणूस?" असं दोनदा.

संध्याकाळी हात राखेनं घासले, साबणानं घासले, परत राखेनं.
नखांतलं काळं जाईना
म्हणून भाकरी शेजारच्या इठाबाईनं थापली.
पोरगा आला. "मोजू?"
"हात लावू नको."
त्यानं लांबूनच मोजल्या, हवेत बोट नाचवत. सत्तावीस.
ऐनातलं पहिलं भोक त्यालाच दिसलं होतं.
"ह्यातल्या आज्याच्या कुठल्या?"

मी दिवा जवळ नेला.
सगळ्या सारख्याच चमकत होत्या.

खालच्या पट्टीत भुईमुगाला आऱ्या सुटल्यात.
काल रात्री खसफस झाली.
मी बंदूक नुसती भिंतीवरून काढली
आणि परत लावली.