चुन्याचा हात

मी भिंती रंगवतो. शाळेच्या, दवाखान्याच्या,
निवडणुकीत ज्याच्या त्याच्या पक्षाच्या.
समुद्र इथून तीनशे पावलांवर.
खारं वारं रंग धरू देत नाही,
म्हणून या गावात मला कामाची ददात नाही.

आमच्या जुन्या नोटेवर एक दर्यावर्दी होता,
ज्यानं साल्वादोरचा किनारा कधी पाहिलाही नव्हता.
मग डॉलर आला, परक्या देशाचे मेलेले पुढारी घेऊन;
तेही आम्ही घामानं भिजवून मऊ केले.
मग बिटकॉइन आलं.
पहिलाच पैसा, ज्याला तोंड नव्हतं.
आणि वर्ष सरलं नाही तोच
कमिटीची पोरं शिडी घेऊन दारात:
"एरिबेर्तो, बाजाराच्या भिंतीवर त्याला काढ,
ज्यानं हे सुरू केलं."
"दिसतो कसा?"
"ठाऊक नाही."
"कपाळ? नाक? बाई की बाप्या?"
"ठाऊक नाही. काम उरकलं आणि निघून गेला,
येतो म्हणूनही म्हणाला नाही."
मी म्हटलं, मग माझं काम त्यानंच करून ठेवलंय,
भिंत कोरीच आहे.
पोरं हसली नाहीत.

त्यांनी दुसरा शोधला. बोलणारा.
काळा टी-शर्ट, गालाशी माईक,
मंचावर असा चालायचा की वाटावं
लाटाही पाय आखडून बसल्यात.
त्याचं नाव घेत नाही; आता कुणीच घेत नाही.
खोटं कशाला बोलू, मीही ऐकत उभा होतो,
हातातला ब्रश वाळून काठी झाला.
म्हणाला, विकू नका.
म्हणाला, माझ्यावर नको, गणितावर विश्वास ठेवा.
लोकांनी त्याच्यावर ठेवला.
पुपुसा विकणाऱ्या नोएमीनं गॅसचे पैसेसुद्धा त्यात घातले.

मी त्याला अकरा फूट काढला.
एक हात चुन्याचा, दोन हात रंगाचे;
तीन हात मिळाले की कुठल्याही भिंतीला देवपण येतं.
हनुवटीवर मी दोन दिवस घालवले.

पुढं भाव निम्म्यावर आला, आणि कळलं,
"विकू नका" म्हणणाऱ्यानं आपले आधीच विकले होते.
नोएमी महिनाभर लाकडं फुंकत होती.
कुणीतरी त्याच्या डोळ्यांवर माशांची आतडी फेकली.
पोरं परत आली. शिडी तीच.
"पुसून टाक."

इलारिओ बर्फाच्या कारखान्यामागं मोबाईल दुरुस्त करतो.
बोलताना अडखळतो, 'प'वर तर पार रुतून बसतो.
टेबलाखाली त्याचा एक कॉम्प्युटर,
बुटाच्या खोक्याएवढा, रात्रंदिवस घुरघुरतो,
दहा-दहा मिनिटांनी येणारं नवं पान ताडून पाहतो,
कुणी खोटं तर लिहिलं नाही ना.
त्याची मजुरी कुणी देत नाही.
नोएमीला बारा शब्द कागदावर उतरवायला त्यानंच शिकवलं,
चार दुपारी, कारण ती 'ब' आणि 'व'मध्ये गोंधळते.
मी त्याला म्हटलं, भिंत रिकामी आहे, तुला काढतो.
हसला. "म-मला काढलंस तर उद्यापासून
लोक मला भाव वि-विचारतील."

बरोबर आहे त्याचं.
पण नोएमी म्हणते, तो बोलघेवडा आला नसता
तर मी इलारिओच्या दाराशी कशाला गेले असते?
आणि भिंत पांढरी झाल्यापासून
प्रवाशांच्या गाड्या थांबत नाहीत,
दिवसाला तीस पुपुसा कमी जातात.
यावर मला उत्तर सुचलेलं नाही.
पोरं तिथं चेंडू मारतात,
गोल-गोल डाग, एकाचाही चेहरा होत नाही.

फक्त मे महिना लागला, भिंतीत ओल चढली,
की चुन्याखालून ती हनुवटी वर येते.
चांगली काढली होती मी.
शिडी लावतो, आणखी एक हात देतो.
संध्याकाळी फोन वाजतो: थोडे पैसे आलेले असतात,
पाठवणाऱ्याचं नाव नसतं.
मी विचारायला जात नाही.